ठसा

मी उखा तांबट. थाळनेरच्या टांकसाळीत
ठसे कोरायचो. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं,
माझं शहाणपण एवढंच.

तो होता नालबंदाचा पोर, नाव भिकन.
आधीची तीन गेली, म्हणून आईने
पाच दारी पदर पसरून मागून आणलेलं नाव.
काळाला वाटावं, हे टाकाऊ आहे, उचलू नये.
खानदेशात गल्लीगणिक असे दोन तरी निघतात.

अनेरकाठी एका रात्रीत त्याने
शंभर घोड्यांचे नाल उलटे ठोकले.
शत्रू माग काढत सातपुड्यात शिरला
आणि हा मागच्या दिंडीने किल्ल्यात.
तिथून पुढे पाच किल्ले. कसे, ते मला विचारू नका,
मी भट्टीपाशी होतो. मला फक्त तांबं येताना दिसलं.
आधी फुटक्या तोफा,
मग घंटा, मग हंडे,
शेवटी कुणाची तरी चुनाळी,
आत चुना अजून ओला.

दसऱ्याला तो बादशहा झाला.
दौलतजंग फतेहनसीब आलमपनाह.
मुन्शीने लिहून आणलं तो कागद वीतभर लांब.
ठसा मोठा करता येतो, तांबं वाढत नाही.
प्रत्येक पैशावर नावाचा तुकडाच उमटायचा:
कुणाच्या कनवटीला ‘दौलत’, कुणाच्या ‘पनाह’,
मिरचीवालीच्या पैशावर नुसता एक नुक्ता.
अख्खा बादशहा कुणालाच मिळाला नाही.

मग दवंडी पिटली, की भिकन हे नाव
राज्यात कुणी ठेवू नये, घेऊ नये.
आमच्या आळीतल्या भिकन तेल्याचं
साठीत बारसं झालं. घुगऱ्या मीही खाल्ल्या.
त्याची आई वरच्या माडीवर असे.
दीड वर्ष तिने लेकाला कशानेच हाक मारली नाही.
कामापुरतं ‘ऐकलं का’ म्हणायची,
नवऱ्याला म्हणावं तसं.

एकदा तो एकटाच टांकसाळीत आला.
ठसा उचलला, अंगठ्याने चाचपला.
वाचता येत नव्हतं, पण म्हणाला,
“हाई उलटं शे.”
“जी. म्हणूनच सुलटं पडतं.”
बराच वेळ भट्टीकडे बघत राहिला.
“मी बी उलटाच ठोका व्हतात, नाल.”
पुढे काही बोलला नाही. जाताना
ऐरणीवर सवयीने एक चापट मारली,
घोड्याच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी.

पडला कसा, ते मी पाहिलं नाही. मला वजनात कळलं.
पैसा दहा माशांचा होता, आठावर आला,
होळीनंतर सहा.
मग एका दुपारी हत्ती परतला, माहुताविना,
आणि भर बाजारात कुणाचा तरी ऊस खात उभा राहिला.
कुणी त्याला हाकललं नाही.
कुणी मुजराही केला नाही.

पहाटे तापीवर धुकं होतं.
मी राख टाकायला गेलेलो. दगा भोयाच्या नावेत
घोंगडी पांघरून एकजण बसला होता.
त्याने उतराईचा पैसा पुढे केला.
दग्याने तो दातांत धरला, उजेडाकडे फिरवला,
परत दिला.
“हे नाव पलीकडे चालत नाही, बाबा. असू द्या.”
आणि नाव लोटली.

घाटावर एक बाई धुणं टाकून उभी राहिली.
रात्रीत तिला कुणी काय सांगितलं, देव जाणे.
दीड वर्षाचा घसा मोकळा करून ओरडली,
“ए भिकन! चाल घर!”
वाळूतली चार पोरं वळली.
मधल्या धारेत
घोंगडीखालचं एक डोकंही वळलं,
थोडं थांबलं. तापी मावळतीला वाहते,
तिला थांबायची सवय नाही.

दुपारी नवा मुन्शी आला, नवा कागद घेऊन.
जुना ठसा कानशीने घासला.
एक आकडी काही केल्या जाईना,
ती तशीच नव्या नावात घेतली.
हे नावही लांबच होतं.